पंप मोठा करून आवाज जात नाही

घरात सम्पवाला फिश टँक असला की माणसाला रात्री अकरानंतर एक नवीन उद्योग मिळतो: आवाज नक्की कुठून येतोय ते शोधणे. दिवसा टीव्ही आणि मिक्सरखाली दबलेलं ते 'गुळूक... गुळूक... खर्रर्र' रात्री अगदी स्पष्ट ऐकू येतं. मग सल्ले सुरू होतात. पंप बदल, मोठा घे, पाइपात स्पंज कोंब, ओव्हरफ्लोला व्हॉल्व्ह लाव.

माझं मत सरळ आहे. आधी पंप कमी करा, बाकीचं नंतर बघू.

कारण सोपं आहे. टाकीतून ओव्हरफ्लोवाटे खाली किती पाणी जाणार हे ओव्हरफ्लो ठरवत नाही, रिटर्न पंप ठरवतो. पंप तासाला जेवढे लिटर वर फेकेल तेवढेच लिटर खाली येणार. पाइपाला ते झेपलं नाही तर तो पाण्याबरोबर हवाही गिळतो. एकदा पूर्ण भरून सायफन धरतो, मग हवा शिरून सायफन तुटतो, परत धरतो. बेसिनमधलं पाणी संपताना जो आवाज येतो तोच, फक्त चोवीस तास! म्हणजे ऐकू पाइप येतो, पण मूळ पंपात असतं.

थोडा हिशोब करू. ४ × १.५ × १.५ फुटांची टाकी म्हणजे साधारण २५५ लिटर. सम्पमधून तासाला चार वेळा पाणी फिरलं तरी घरगुती गोड्या पाण्याच्या टाकीला भरपूर झालं, म्हणजे हजार लिटर. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो, वर चढवताना तो घटतो, म्हणून पंप थोडा मोठा घ्यावा लागतो हे मान्य. पण तीन हजारांचा आणून पूर्ण सोडायचा आणि मग आवाजाच्या नावानं बोटं मोडायची, याला अर्थ नाही. डीसी पंप असेल तर वेग कमी करा. साधा असेल तर बाहेर पडणाऱ्या पाइपावर व्हॉल्व्ह लावा. ओढण्याच्या बाजूला मात्र कधीच नको, पंपाची वाट लागते.

ओव्हरफ्लोवर व्हॉल्व्ह लावून पाइप पूर्ण भरलेला ठेवायची 'हर्बी' नावाची पद्धत आहे आणि ती खरंच शांत चालते. पण तिची अट लोक विसरतात. शेजारी दुसरा, मोकळा, कोरडा पाइप लागतो. पहिला तुंबला तर पाणी त्यातून जावं म्हणून. तो नसेल तर पाणी फरशीवर येणार. तसंच सम्पचं. लाइट गेली की टाकीतलं इंच-दीड इंच पाणी खाली उतरतं, म्हणजे आपल्या टाकीचं जवळपास २१ लिटर. अडीच फूट लांब, एक फूट रुंद सम्पमध्ये ते साडेतीन इंचांहून जास्त चढतं. म्हणून सम्प वरून चार-पाच इंच रिकामा ठेवायचा. बघणाऱ्याला वाटतं जागा फुकट गेली. वळिवाच्या रात्री लाइट गेली की कळतं ती कशासाठी होती.

आता हे सगळं का सांगतोय? मी सांगलीचा, सासुरवाडी साताऱ्याची. म्हणजे कृष्णा-कोयनेचं पाणी दोन्हीकडून घरातलंच :-) आणि दर पावसाळ्यात सासऱ्यांचा ठरलेला प्रश्न असतो, "अहो जावईबापू, पुराचं एवढं पाणी वाहून जातं. मोठे पंप बसवून ते आटपाडी-जतला का फेकत नाहीत? पूरही गेला, दुष्काळही गेला!"

मामांचा प्रश्न वेडगळ अजिबात नाही. कराडजवळचं टेंभू, वाळव्यातलं ताकारी, मिरजेजवळचं म्हैसाळ हे आपल्या नदीचे रिटर्न पंपच आहेत. माझ्या लहानपणी ज्या गावांत टँकरची वाट बघायचे तिथे आज ऊस आणि द्राक्षं दिसतात. पुराचं पाणी दुष्काळी भागाकडे वळवायची योजना जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य सरकारनंही हाती घेतली आहे. जरूर व्हावी. पण पुरावरचा इलाज म्हणून? तिथे आकडे आड येतात.

एक लाख क्युसेक म्हणजे दिवसाला ८.६४ टीएमसी. टेंभू योजनेचं मूळ पाणी २२ टीएमसी, तेही महिनोन् महिने उचलायचं. लाख क्युसेकनं वाहणारी नदी तेवढं पाणी अडीच दिवसांत नेते, आणि महापुरात सांगलीपाशी कृष्णा लाखाच्या बरीच वर असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. पंप संथपणे, रोज काम करतो. पूर एकदम येतो. त्याला लागते रिकामी जागा.

कोयनेचंही तेच. साठा १०५.२५ टीएमसी, सहा वक्र दरवाजे. पण धरण एकदा काठोकाठ भरलं की ते नुसता ओव्हरफ्लो होतं, वरून येईल तेवढं खाली सोडावंच लागतं. ठरवायची वेळ त्याच्या आधीची असते. अर्थात ऑगस्टमध्ये जागा रिकामी ठेवली आणि पुढे पाऊसच पडला नाही तर शिव्या त्याच इंजिनियरला पडणार. शिवाय सांगलीचा पूर एकट्या कोयनेचा नसतो. धरणाखाली पडणारा पाऊस कुठल्याच दरवाज्याला विचारून येत नाही, आणि हरिपूरला वारणाही येऊन मिळते. म्हणूनच गावातही कोरडा पाइप हवा. पूररेषेच्या आतली जमीन, नाले, नदीकाठची सखल शेतं. नेमकी तीच जागा आपण 'फुकट पडली आहे' म्हणून भराव टाकून विकतो, आणि २००५, २०१९, २०२१ असा पूर आला की दोष फक्त धरणाला देतो.

तेव्हा पंप मोठे होऊ देत, जतला पाणी जाऊ दे, मला आनंदच आहे. फक्त त्या भरवशावर नदीकाठी फ्लॅट घेऊ नका. बुकिंगच्या आधी पूररेषेचा नकाशा बघा, आणि बिल्डर "आता पाणी येत नाही हो" म्हणाला तर २०१९ ला तिथे किती फूट होतं ते शेजारच्या जुन्या घरात विचारून या. भिंतीवरची खूण बहुतेक अजून असेल.