संतचरित्रातला संसारी माणूस

फ्रान्सचा राजा नववा लुई ट्युनिसजवळ मोहिमेवर असताना २५ ऑगस्ट १२७० रोजी मरण पावला आणि १२९७ साली पोप आठव्या बोनिफेसने त्याला संतपद बहाल केले. त्याची चरित्रे अनेकांनी लिहिली. त्यांतील बरेच लेखक मठवासी होते. परंतु आज ज्या चरित्रामुळे हा राजा आपल्याला हाडामांसाचा दिसतो, ते एका सरदाराने सांगितलेले आहे. त्याचे नाव जाँ द ज्वाँव्हिल. शांपान्य प्रांतातील ज्वाँव्हिलचा हा जहागीरदार तेथील काउंटच्या दरबारचा सेनेशल, म्हणजे मुख्य कारभारी होता, आणि हे पद त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने चालत आले होते. इतिहासाचे अभ्यासक त्याच्या ग्रंथाकडे साधन म्हणून पाहतात, साहित्याचे अभ्यासक संतचरित्र म्हणून. आमच्या मते या दोन्ही वाचनांतून ग्रंथाचा गाभा निसटतो. एका संसारी माणसाने एका संतावर जिवापाड प्रेम केले आणि वेळ आली तेव्हा त्याच संताला नकार दिला, हा तो गाभा आहे. हा नकार समजून घ्यायचा तर ज्वाँव्हिलच्या घराकडे आधी वळावे लागते.

घर सरदाराचे, आणि धर्मयुद्धांच्या आठवणींनी भरलेले. आजोबा ११९० साली आक्रच्या वेढ्यात कामी आले. चुलता सीरियातील क्राकच्या किल्ल्यात वारला. वडील सिमों हेही इजिप्तपर्यंत जाऊन आलेले. १२२५च्या आसपास जन्मलेला जाँ लहान असतानाच, १२३३ साली, वडील गेले. क्राकला ठेवलेली चुलत्याची ढाल पुढे जाँनेच परत आणली आणि ज्वाँव्हिलच्या प्रार्थनामंदिरात टांगली. १३११ साली, पंच्याऐंशीच्या घरात असताना, त्याने क्लेअर्व्होच्या मठात पणजोबांच्या समाधीसाठी जो लेख रचला, त्यात घराण्याची वंशावळ सांगून या ढालीचीही नोंद केली. वंश, वास्तू आणि वारसा यांचे भान या माणसाला आयुष्यभर होते.

१२४८ साली तो पवित्रभूमीच्या मोहिमेवर निघाला तो याच वारशामुळे. ईस्टरच्या सुमारास त्याला दुसरा मुलगा झाला. त्या आठवड्यात वाड्यावर मेजवान्या झाल्या आणि शुक्रवारी त्याने आपल्या माणसांना सांगितले की, मी समुद्रापार जातो आहे, परतेन की नाही ठाऊक नाही. माझ्याकडून कोणावर अन्याय झाला असेल तर पुढे या, मी भरपाई करीन. एवढे बोलून तो बैठकीतून उठून गेला, कारण तो समोर असता तर कोणी मोकळेपणाने बोलले नसते. आई हयात असल्यामुळे त्याचे वार्षिक उत्पन्न हजार लिव्रदेखील नव्हते. बरीचशी जमीन गहाण टाकून तो निघाला. अनवाणी, सदऱ्यानिशी आसपासच्या तीर्थस्थळांना जाताना त्याने वाड्याकडे मान वळवली नाही. देखण्या वाड्याच्या आणि मागे राहिलेल्या दोन मुलांच्या आठवणीने मन कच्चे होईल, ही भीती त्याने स्वतःच नोंदवली आहे. या नोंदीत पत्नी आलिसचा उल्लेख नाही, हेही सांगितले पाहिजे. या मौनाकडे पुढे यावे लागेल.

इजिप्तमध्ये जे घडले ते सर्वज्ञात आहे. फेब्रुवारी १२५० मध्ये मन्सूरा येथे राजाचा भाऊ रोबेर मारला गेला. एप्रिलमध्ये राजासह सैन्य कैदेत पडले. ज्वाँव्हिलचे निवेदन येथे कोठेही शौर्याचा आव आणत नाही. शत्रूची गलबते जवळ आली तेव्हा त्याच्या एका सेवकाने सुचवले की आपण सर्वांनी मारले जाऊ या, म्हणजे थेट स्वर्गात जाऊ. हे सांगून लेखक थोडक्यात नमूद करतो की आम्ही त्याचे ऐकले नाही. राजाने एकदा त्याला विचारले होते, महापाप करणे पसंत की महारोगी होणे? त्याने उत्तर दिले, तीस पापे परवडली. राजाने कानउघाडणी केली, तीही त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवली. स्वतःला उजळ करण्याचा मोह त्याला अशा ठिकाणी होत नाही.

सुटकेनंतर आक्रला प्रश्न आला: मायदेशी परतायचे की थांबायचे? बहुतेक सरदार परत जाण्याच्या बाजूचे होते. ज्वाँव्हिल मात्र थांबा म्हणाला, आणि त्याने दिलेले कारण मोलाचे आहे. निघताना एका नातलगाने त्याला बजावले होते की, ज्यांना घेऊन तू निघालास ती सामान्य माणसे शत्रूच्या हाती सोडून परतलास, तर ती तुझी अप्रतिष्ठा ठरेल. सभेनंतर खिडकीशी उदास उभा असताना मागून कोणीतरी त्याच्या डोक्यावर हात ठेवले. कोणी त्रास देतो आहे असे वाटून तो चिडला. मग बोटातील पाचूच्या अंगठीवरून त्याने ओळखले की हा राजा आहे. राजालाही थांबायचेच होते.

आता १२६७ कडे यावे. लुईने दुसऱ्यांदा क्रूस घेतला आणि ज्वाँव्हिलनेही घ्यावा असा आग्रह झाला. त्याने नकार दिला. पहिल्या खेपेस तो समुद्रापार होता तेव्हा फ्रान्सच्या आणि नाव्हारच्या राजांच्या अधिकाऱ्यांनी त्याच्या रयतेला नागवले होते. देवाची इच्छा पाळायची तर आपल्या माणसांच्या रक्षणासाठी येथेच राहिले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. राजाला जाण्याचा सल्ला देणाऱ्यांनी महापाप केले, असेही त्याने लिहून ठेवले. राजा तेव्हा इतका क्षीण झाला होता की ज्वाँव्हिलने त्याला पॅरिसमध्ये हातांवर उचलून नेले होते. उचलून नेणारा आणि सोबत जायला नकार देणारा माणूस एकच, हे वाचताना विसरता कामा नये.

या नकाराला कोणी वयाचा परिणाम म्हणेल, कोणी धर्मश्रद्धेची ओहोटी. आम्हांला ते पटत नाही. १२५० साली थांबण्यामागे आणि १२६७ साली न जाण्यामागे एकच तत्त्व आहे: जी माणसे आपल्या भरवशावर आहेत त्यांना टाकून जाऊ नये. तत्त्व तेच राहिले, माणसे कोठे आहेत ते बदलले, म्हणून निर्णय उलटा झाला.

हीच मोजपट्टी तो राजाच्या संसारालाही लावतो. राणी मार्गरीत जाफा येथे प्रसूत होऊन सिदोनला आली तेव्हा तिला सामोरा गेला तो ज्वाँव्हिल. राजा प्रार्थनामंदिरात होता. परतल्यावर राजाने विचारले, राणी आणि मुले सुखरूप आहेत ना? येथे लेखक थांबतो आणि सांगतो की पाच वर्षांच्या सहवासात राजाने त्याच्याजवळ बायकोमुलांचा विषयही कधी काढला नव्हता, आणि आपल्याच माणसांशी असे परक्यासारखे वागणे त्याला बरे वाटले नाही. संतपद मिळालेल्या राजाविषयी, त्याच्याच पणतवाला अर्पण केलेल्या ग्रंथात हे वाक्य आले आहे.

आक्षेप आम्हांला दिसतात. ज्या रयतेचा तो कैवार घेतो, तिच्या श्रमांवरच त्याचे उत्पन्न अवलंबून होते. रयत नागवली गेली की जहागीरदारही नागवला जातो. शिवाय ग्रंथ पुरा झाला १३०९ साली, म्हणजे नकारानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. स्मृती स्वतःच्या बाजूने झुकते. आणि राजाला बोल लावणाऱ्या या गृहस्थाने वाडा आणि मुले आठवताना स्वतःच्या पत्नीचे नाव घेतले नाही. हे सर्व खरे आहे. परंतु हितसंबंध असणे आणि कर्तव्य असणे या परस्परविरोधी गोष्टी नव्हेत. सरंजामी व्यवस्थेत त्या एकमेकींत गुंतलेल्याच होत्या. पत्नीविषयीचे मौन मात्र आम्ही झाकू इच्छीत नाही. मार्गरीतचे दुःख इतक्या बारकाईने पाहणाऱ्या माणसाला आपल्या घरातील स्त्री दिसली नाही, ही त्याची मर्यादा आहे. त्या मर्यादेने त्याची साक्ष खोटी ठरत नाही. ती माणसाची साक्ष ठरते.

भक्तीत मात्र कोठे उणेपणा नाही. १२८२ साली सँ-दनी येथे चौकशी झाली तेव्हा त्याने राजाच्या पावित्र्याची साक्ष दिली. राजाची गणना हुतात्म्यांत व्हायला हवी होती, असे त्याचे शेवटपर्यंत मत होते. राजाच्या मृत्यूनंतर त्याला एक स्वप्न पडले: राजा ज्वाँव्हिलच्या प्रार्थनामंदिरासमोर आनंदात उभा आहे. त्याने राजाला शव्हियों गावातील आपल्या घरी उतरण्याचे निमंत्रण दिले. राजा हसून म्हणाला, येथून एवढ्यात निघण्याचा माझा विचार नाही. जागा झाल्यावर ज्वाँव्हिलने तेथे त्याच्या नावाची वेदी उभारली. ज्याच्याबरोबर ट्युनिसला जायला त्याने नकार दिला, तो राजा स्वप्नात त्याच्या दारी राहायला आला, आणि या स्वप्नात रागाचा लवलेश नाही.

चरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवताना आपण विद्यार्थ्यांपुढे बहुधा दोनच वाटा ठेवतो: गौरव किंवा मूर्तिभंजन. श्रद्धा असेल तर प्रश्न विचारू नयेत आणि प्रश्न विचारले तर श्रद्धा उरली नाही, अशी ही वाटणी आहे. सातशे वर्षांपूर्वीच्या या सरदाराला ती ठाऊक नव्हती. चरित्रनायकाच्या समाधीपुढे गुडघे टेकणाऱ्या माणसाने त्याच्या घरातील उणीव लिहून ठेवली, कारण ती त्याने पाहिली होती. साक्षीदाराने पाहिलेले सांगावे, एवढीच त्याची वाङ्मयदृष्टी. चरित्रलेखनाचे याहून कठीण मूल्य आम्हांला तरी दुसरे माहीत नाही.