तीन मीटर म्हणजे किती?

निजामी अमदानीत ज्या हैदराबादेच्या दफ्तरांतून उदगीर तालुक्याच्या महसुलाचे हुकूम सुटत, त्याच शहरात १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र आज कोकणच्या दर्याची खबर रोज प्रसृत करते, आणि आपण पठारावरचे लोक असलो तरी ती खबर आपल्याही कामाची आहे.

त्या खबरेचा एक आधार आकाशात आहे. २५ फेब्रुवारी २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून भारत व फ्रान्स यांचा ‘सरल’ उपग्रह सुमारे ८०० किलोमीटर उंचीच्या कक्षेत गेला. त्यावरील ‘अल्टिका’ हे यंत्र सरळ खाली रडारचे स्पंद सोडते. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून समुद्राची पातळी कळते, हे कोणाच्याही सहज ध्यानी येईल. परंतु लाटांची उंची कळते ती त्या प्रतिध्वनीच्या आकारावरून, आणि मानवी बुद्धीचे खरे कौतुक मला येथे वाटते. समुद्र शांत असला की सारा पृष्ठभाग जणू एकाच क्षणी उत्तर देतो व प्रतिध्वनीच्या आलेखाची रेषा ताठ चढते. तो खवळलेला असला की लाटांचे माथे आधी उत्तर देतात, खळगे मागाहून, आणि तीच रेषा कलती होते. माथ्याहून खळगा १ मीटर खोल असेल, तर त्याचे उत्तर सेकंदाच्या सुमारे ७ अब्जांशांनी उशिरा येते. एवढ्याशा विलंबातून लाटेचे माप निघते. अर्थात उपग्रहाला आपल्या मार्गाखालची चिंचोळी पट्टीच दिसते, आणि जोराच्या पावसात या यंत्राचा संदेश क्षीण होतो. म्हणून रत्नागिरीजवळच्या समुद्रात तरंगणाऱ्या बोयाची साक्षही घ्यावी लागते.

माझा आग्रह मात्र पुढच्या, म्हणजे हे माप लोकांना सांगण्याच्या टप्प्याविषयी आहे. केंद्राच्या सूचनेतील ‘लाटांची उंची ३ मीटर’ ही सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते. त्याच समुद्रात एखादी लाट जवळजवळ ६ मीटरांपर्यंत उठू शकते. मुरलेल्या तांडेलाला हे अनुभवाने ठाऊक असते. परंतु समुद्रावर राबणारे सगळेच किनाऱ्यावर वाढलेले नसतात. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईपासून दूर समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला, त्यावर २६१ माणसे होती, आणि त्यांत देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून रोजगारासाठी आलेले कामगार होते. सत्तरांहून अधिक जण दगावले. वादळाचा इशारा अगोदर मिळालेला होता. त्या रात्रीचा सारा दोष एका आकड्यावर ढकलणे अन्यायाचे ठरेल. तथापि ज्याने आयुष्यात समुद्र पाहिलेला नाही, त्याला सरासरी सांगून शक्य असलेली मोठी लाट न सांगणे, हे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही. म्हणून बंदरावरच्या फलकावर, आकाशवाणीच्या निवेदनात आणि तराफ्यावरील मुकादमाच्या हाती पडणाऱ्या कागदावर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी, मराठीत व हिंदीत, सक्तीने दिले जावेत: बहुतेक मोठ्या लाटा ३ मीटरांच्या आसपास, एखादी ६ मीटरांची.