गोव्यांतील एक इटालियन भाषाशिक्षक

विद्या मिळाली कीं मनुष्य गर्विष्ठ होतो व मग तो हलकें काम करीत नाहीं, ही समजूत आमच्या वऱ्हाडांत आजही ऐकूं येते. पोर फार शिकलें तर वावरांत पाय ठेवणार नाहीं, मुलगी शिकली तर सासरीं नांदणार नाहीं, असें म्हणून शाळेंतून नांव काढणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. ह्या समजुतीस सुमारें साडेचारशें वर्षांपूर्वीं एका परदेशी भाषाशिक्षकानें उत्तर दिलें होतें.

मात्तेओ रिच्ची ह्याचा जन्म १५५२ सालीं इटलींतील माचेराता येथें झाला. १५७८ च्या मार्चांत तो लिस्बनहून जहाजांत बसला आणि सप्टेंबरांत गोव्यास उतरला. तेव्हां त्याचें वय अवघें पंचवीस होतें. सेंट पॉल कॉलेजांत तो मुलांस लॅटिन व ग्रीक शिकवूं लागला. हिंदुस्थानांतील पहिला छापखाना १५५६ सालीं सुरू झाला तो ह्याच कॉलेजांत. येथील हवा मात्र त्यास मानवली नाहीं. प्रकृतीसाठीं त्यास कोचीनला जावें लागलें. तेथून लिहिलेल्या पत्रांत त्यास आठवण होते ती नातलगांची नव्हे, तर रोमच्या जुन्या सोबत्यांची व गुरुजनांची. वसतिगृहांत राहणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस हें दुःख निराळें समजावून सांगावयास नको.

१५८१ सालीं तो गोव्यास परतला. त्या सुमारास वरिष्ठांनीं असें ठरविलें कीं, एतद्देशीय विद्यार्थ्यांस थोडें लॅटिन पुरे. तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान त्यांस शिकवूं नये. कारण काय, तर विद्येनें ते फुगतील आणि गरीब खेड्यांतून काम करावयास नाकारतील! रिच्ची त्या वेळीं स्वतः विद्यार्थीच होता. अधिकार कांहींच नव्हता. तरी त्यानें २५ नोव्हेंबर १५८१ रोजीं रोममधील सर्वाधिकारी आक्वाविवा यांस पत्र लिहून ह्या निर्णयास हरकत घेतली. त्याचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, गर्वाची भीति असेल तर ती युरोपीय विद्यार्थ्यांविषयींही तितकीच धरावयास हवी. शिवाय येथील लोक कितीही शिकले तरी गोरे त्यांस क्वचितच मान देतात. मग त्यांस गर्व व्हावा कशाचा? आणि ज्यांच्या हातीं पुढें लोकांचें मार्गदर्शन द्यावयाचें, त्यांस अडाणी ठेवून कोणाचें हित होणार?

भाषेच्या दृष्टीनें पाहिलें तर आमची ममता रिच्चीपेक्षां टॉमस स्टीफन्सकडे अधिक जाते. हा इंग्रज १५७९ सालीं गोव्यास आला, येथेंच राहिला, आणि त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं मराठींत छापून निघालें. रिच्ची १५८२ सालीं चीनकडे निघून गेला. पण तेथें तिशीच्या उंबरठ्यावर तो पुन्हा धुळाक्षरांपासून शिकावयास बसला, आणि १६०७ सालीं शू ग्वांगछी ह्या चिनी विद्वानाच्या जोडीनें त्यानें युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेंत आणले. १६१० सालीं पेकिंग येथें त्याचा अंत झाला, तेव्हां त्याच्या दफनासाठीं बादशहानें जागा दिली.

आतां आपल्याकडे वळूं. पोहरादेवीच्या बाजूचें बंजारा मूल घरीं गोरमाटी बोलतें, शाळेंत मराठी शिकतें व वर इंग्रजी, हिंदीही उचलतें. एवढा भाषाव्याप त्याच्या शिक्षकांपैकीं कितीजणांस झेपेल? आणि वाशीम म्हणजे जुनें वत्सगुल्म. काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशीं विवाह राजशेखरानें काव्यमीमांसेंत लाविला तो ह्याच नगरांत! तेथील आईबापांनीं विद्या आपल्या मुलांस सोसणार नाहीं म्हणावें, हें आम्हांस तरी विपरीत वाटतें.

निकालानंतर कित्येक पालक दाखला मागावयास येतील. पैशाची अडचण असेल तर त्यांनीं ती संकोच न करतां सांगावी. कांहीं मार्ग निघतो का, हें आम्ही त्यांच्यासह बसून पाहूं. परंतु ‘पोर डोक्यावर बसेल’ एवढेंच कारण असेल, तर दाखला हातीं पडण्यापूर्वीं त्यांस रिच्चीच्या पत्राची ही हकीकत आमच्या तोंडून पुनः एकदां ऐकावी लागेल.