महाकाव्याशी भांडावे

२७ एप्रिल १६६७ रोजी लंडनमध्ये एक करार झाला. लिहून देणार जॉन मिल्टन, वय ५८, दोन्ही डोळ्यांनी अंध. लिहून घेणार सॅम्युएल सिमन्स, व्यवसाय मुद्रण. व्यवहार दहा हजारांहून अधिक ओळींच्या 'पॅरडाइज लॉस्ट' या महाकाव्याचा. पाच पौंड रोख आणि पहिल्या आवृत्तीच्या १३०० प्रती खपल्यावर आणखी पाच. ही दुसरी रक्कम मिल्टनला मिळाली २६ एप्रिल १६६९ रोजी, म्हणजे कराराला दोन वर्षे पूर्ण व्हायला एकच दिवस उरला असताना. पुढे १६८० मध्ये त्याच्या विधवा पत्नीने उरलेले हक्क आठ पौंडांना सोडून दिले. एकूण जमा, पौंड अठरा! बँकेत उभी हयात गेल्यामुळे असेल, पण हे खाते पाहिले की माझे मन गलबलते.

मात्र या खात्यातली खरी जमा पैशांची नाही, वाचकांची आहे. आणि गंमत म्हणजे त्यातले बरेचसे वाचक कुरकुरणारे, भांडणारे आहेत.

पहिली कुरकुर पुस्तक निघाल्याबरोबर सुरू झाली. सैतानाचे बंड, ईडनची बाग, आदम आणि ईव्हचे पतन ही कथा घरोघरी ठाऊक होती. पण हे काव्य यमकाविना का, आणि कुठल्या सर्गात काय चालले आहे ते कसे कळावे? सिमन्सने वाचकांचे म्हणणे मनावर घेतले. १६६८ च्या प्रतींत प्रत्येक सर्गाचा गद्य सारांश आला आणि यमक का नाही याचा मिल्टनकृत खुलासाही आला. तेवढ्याने ड्रायडनचे समाधान झाले नसावे. त्याने या काव्यावरून चक्क यमकबद्ध संगीतिका रचली!

१७१२ मध्ये जोसेफ अ‍ॅडिसनने 'स्पेक्टेटर' या त्या काळच्या दैनिकात ओळीने अठरा शनिवार या काव्यावर लेख लिहिले. विद्वानांचा ग्रंथ सामान्य घरांच्या चहाच्या टेबलावर आणून ठेवला तो वृत्तपत्रातल्या लेखांनी, ही गोष्ट पुरवणी वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी.

मग आले केंब्रिजचे रिचर्ड बेंटली. १७३२ मध्ये त्यांनी जाहीर केले की, कवीच्या अंधत्वाचा फायदा घेऊन कोणी तरी काव्यात भेसळ केली आहे. आणि शेकडो ठिकाणी दुरुस्त्या सुचवल्या! सॅम्युएल जॉन्सनने १७७९ मध्ये तक्रार केली की, हे वाचन आनंदापेक्षा कर्तव्यच अधिक वाटते. त्याच लेखात त्याने या काव्याला मानवी प्रतिभेच्या सर्वोच्च निर्मितींत बसवले. कंटाळा आणि आदर एकाच माणसाच्या मनात सुखाने नांदू शकतात, हे कबूल करण्याइतका तो प्रामाणिक होता.

सगळ्यांत मोठा वाद सैतानावरून झाला. विल्यम ब्लेकला वाटले, कवी नकळत सैतानाच्याच पक्षाचा आहे. मेरी शेलीच्या 'फ्रँकेन्स्टाइन'मधला (१८१८) तो अनाथ राक्षस हे काव्य खरा इतिहास समजून वाचतो आणि स्वतःला कधी आदमच्या, कधी सैतानाच्या जागी पाहतो. आपल्याकडे बंगालमध्ये मायकेल मधुसूदन दत्त मिल्टनचे भक्त. त्यांनी १८६१ मध्ये 'मेघनादवध काव्य' लिहिले ते यमकाविना, आणि त्यात रावणाच्या पुत्राला नायकपद दिले. वाचनातून असे धाडसही जन्माला येते.

पुढे १९६७ मध्ये, काव्याच्या तीनशेव्या वर्षी, स्टॅन्ली फिश या अमेरिकन समीक्षकाने सांगितले की, सैतानाच्या वक्तृत्वाला वाचकाने भुलावे, हीच तर कवीची योजना आहे. भुललेल्या वाचकाला स्वतःचे पतन तिथेच उमगते. म्हणजे वाचकांचे भांडणही कवीने आधीच हिशेबात धरले होते!

हे सारे सांगण्याचे कारण असे की, आपल्या घरांत थोर ग्रंथांना फार आदर मिळतो. कापडात गुंडाळायचे, वर्षातून एकदा फूल वाहायचे, आणि नातवंडाने "आजोबा, हे कंटाळवाणे आहे" म्हटले, की डोळे वटारायचे. मला वाटते, त्या पोराला दटावू नये, जवळ बसवावे. "कुठे कंटाळलास? का? तुला कोणाची बाजू पटते?" असे विचारावे. तक्रार करणारे मूल निदान वाचत तरी असते. मुकाट मान डोलावून, परीक्षेपुरते गाइड पाठ करणाऱ्याबद्दल तेवढी खात्री देता येत नाही.

मिल्टन वाचायचाच असेल, तर बारा सर्गांना बारा रविवार पुरतात. तोंडाने सांगून लिहवून घेतलेले काव्य आहे, तेव्हा मोठ्याने वाचावे. अडेल तिथे अडावे, चिडावे, सैतान आवडला तर तसे मोकळेपणाने म्हणावे. साडेतीनशे वर्षे हे काव्य टिकले, त्यात अशा भांडखोर वाचकांचा वाटा मोठा आहे. त्यांच्या पंगतीला बसायला पदवी लागत नाही. पुस्तक उघडावे मात्र लागते.