टाळ्या वाजवून झाल्यावर

यंदा पांढरकवड्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी लाचखोरीवर पोवाडा म्हटला. डफ दणक्यात वाजला. पुढारी, बाबू, ठेकेदार, पोरांनी कुणालाच सोडले नाही. पालकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. कार्यक्रम संपल्यावर त्यांच्यातलेच एक जण जवळ आले आणि हळूच म्हणाले, "मुलाचा दाखला अडला आहे. चहापाणी कुणाला द्यावं लागतं?"

आम्हाला रागावता आले नाही. मागच्या वर्षी लेकीच्या दाखल्यासाठी आम्हीही एका टेबलावर दोनशे रुपये मुकाट्याने ठेवले होते.

त्या रात्री शाहीर अमर शेख आठवले. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल ते हेच. लोकगीतांचा वारसा त्यांना आईकडून मिळाला. त्यांनी गिरणीत काम केले, संपात उतरले, तुरुंगही पाहिला. 1944 साली अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांच्यासोबत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊंच्या 'शेटजींचे इलेक्शन', 'पुढारी मिळाला' या वगनाट्यांची नावे वाचली तरी कळते की, हा आजार आजचा नाही.

पण त्यांचे श्रोते टाळ्या वाजवून घरी जात नव्हते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांनी मैदाने गाजवली आणि ऐकणारी माणसे मोर्चात चालली. म्हणून 1 मे 1960 उजाडला. आम्ही मात्र असे गाणे मोबाइलवर ऐकतो, चार जणांना पाठवतो आणि आपले काम झाले असे समजतो.

त्या पालकांना आम्ही दुसऱ्या दिवशी बोलावले. महाराष्ट्रात 2015 पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळेल, हे कार्यालयात फलकावर लावावे लागते. अर्ज दिला की पोच घ्यायची. मुदत टळली की वरिष्ठांकडे अपील करायचे. आम्ही दोघांनी बसून अर्ज लिहिला. पोच मिळाली. दाखला अजून यायचा आहे.

घरी लेकीला हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग माझ्या वेळी पैसे का दिले?"

भगिनींनो, बंधूंनो, पोवाड्यातला खरा सवाल हाच होता. तो मंचावरून आला, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. घरातून आला, तेव्हा मान खाली गेली.