गाडी भाड्याची, रिस्क कोणाची?

तारकर्लीला स्कूटर भाड्याने घेताना आपण साधारण तीन प्रश्न विचारतो. दिवसाचे किती? पेट्रोल कुठे मिळेल? आणि हेल्मेट आहे का? (हा शेवटचा ज्यांच्या आईचा नुकताच फोन येऊन गेलाय त्यांचा.) एखाद्या शहाण्याने चौथा विचारलाच, ‘इन्शुरन्स आहे ना?’ तर अस्सल मालवणी उत्तर येतं, ‘आसा हो, टेन्शन घेव नकात!’ विषय संपला. चावी हातात, गॉगल डोळ्यांवर, चलो देवबाग!

गंमत म्हणजे तो माणूस खोटं बोलत नसतो. इन्शुरन्स खरंच असतो. फक्त तो तुमचा नसतो.

आमच्या पिढीचा लाँग वीकेंड आता गोव्यातून थोडा वर सरकलाय. मालवण, तारकर्ली, देवबाग, भोगवे, वेंगुर्ला. २०२१ मध्ये चिपीला विमानतळ झाला, २०२३ मध्ये मोपाहून विमानं उडायला लागली, आणि कोकण रेल्वेचं कुडाळ तर आहेच. पण तिथे पोचल्यावर बीच टू बीच भटकायचं तर हाताशी दुचाकी हवीच. मग ती घेताना नेमकं काय विकत घेतो आपण? याच प्रश्नासाठी मी टू-व्हीलर पॉलिसीची बारीक अक्षरं एकदा शेवटपर्यंत वाचली. तुम्ही वाचणार नाही हे माहीत आहे, म्हणून हा कॉलम.

एक अपघात, चार हिशेब

समजा, तुम्ही देवबागच्या चिंचोळ्या रस्त्यावर आहात. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मागे मैत्रीण. वळणावर वाळू आली आणि चाक घसरलं. कडेने मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका आजींना धक्का लागला, त्यांचा पाय मोडला. मैत्रिणीचा खांदा गेला, तुमचं मनगट गेलं, स्कूटरचं तोंड गेलं. पॉलिसी एकच, पण या चौघांसाठी तिची उत्तरं वेगवेगळी आहेत.

आधी आजी. कायद्याच्या भाषेत त्या ‘थर्ड पार्टी’. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी इन्शुरन्सशिवाय गाडी रस्त्यावर आणताच येत नाही. त्यांची भरपाई किती हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं आणि सगळं नियमात असेल तर पैसे विमा कंपनी देते. ‘आसा हो’ म्हणतो तो बहुतेक वेळा हाच इन्शुरन्स.

मग मैत्रीण. इथे पहिला धक्का! गाडीवर नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर मागे बसणारी व्यक्ती त्यात येत नाही. सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये केरळातल्या एका स्कूटर अपघाताच्या केसमध्ये हे स्पष्टच सांगितलं. गाडीवर ‘पॅकेज’, म्हणजे आपण ज्याला कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणतो ती पॉलिसी असेल, तर मात्र मागे बसणाऱ्याला संरक्षण मिळतं. म्हणजे दोन सारख्या दिसणाऱ्या स्कूटर, पण एकीवर तुमची मैत्रीण सेफ आणि दुसरीवर नाही. फरक फक्त कागदाचा.

आता तुम्ही स्वतः. पॉलिसीत १५ लाखांचा पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर लिहिलेला दिसतो ना? त्याच्या पुढचे शब्द वाचा : ‘ओनर-ड्रायव्हर’. म्हणजे मालक स्वतः चालवत असेल तर. तुम्ही मालक नाही. ‘मग मी थर्ड पार्टी?’ तेही नाही. सुप्रीम कोर्टाची २००९ ची केस आहे, साडीसाठी आपल्याला माहीत असलेल्या इल्कल भागातली. एक माणूस दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेऊन निघाला, पुढे चाललेल्या बैलगाडीवर आदळला आणि गेला. घरच्यांनी भरपाई मागितली. कोर्ट म्हणालं, गाडी मागून नेणारा मालकाच्या जागी उभा राहतो. त्यामुळे चूक कोणाची हे सिद्ध न करता भरपाई देणाऱ्या कलमाखाली त्याच गाडीच्या विम्याकडून त्याला काही मागता येत नाही. २०२० मध्ये कोर्टाने हीच भूमिका पुन्हा घेतली. थोडक्यात, जबाबदारीला तुम्ही मालकासारखे आणि १५ लाखांना मात्र परके!

यावर एक उपाय पॉलिसीतच आहे. ‘आयएमटी १८’ नावाचं एक जादा कलम गाडीमालकाला घेता येतं. त्यात भाड्याने गाडी नेणारा आणि मागे बसणारा, दोघांसाठी पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर मिळतं. रक्कम मोठी नसते, पण विचारायला काय जातंय?

उरली स्कूटर. तिचं नुकसान फक्त ‘ओन डॅमेज’ भागातून मिळतं. आणि इथे तारखांचा घोळ आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, ओन डॅमेज मात्र बहुतेक जण एकाच वर्षाचा घेतात. त्यामुळे कागदावर लांबची तारीख झळकत असली तरी ओन डॅमेज कधीच संपलेला असू शकतो. आणि चालू असला, तरी मालकाला क्लेम नको असतो, कारण क्लेम केला की त्याचा नो क्लेम बोनस जातो. मग बिल तुमच्या डिपॉझिटमधून.

पाटीचा रंग बघा

आता सगळ्यात महत्त्वाचं. खासगी दुचाकीच्या पॉलिसीवर एक ओळ छापलेली असते : गाडी ‘हायर ऑर रिवॉर्ड’ सोडून इतर कामांसाठी वापरता येईल. म्हणजे भाड्याने देणं बाद. भाड्याच्या दुचाकींसाठी केंद्र सरकारची ‘रेंट अ मोटरसायकल स्कीम’ आहे, १९९७ ची. (सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला तेही १९९७ मध्येच.) या स्कीममध्ये व्यवसायाचं लायसन्स लागतं, गाडीला परमिट लागतं आणि पेट्रोलच्या गाडीची नंबर प्लेट असते काळी, तिच्यावर पिवळे आकडे. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे घरची गाडी.

पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने घेतलीत आणि त्या आजींना धक्का लागला, तर विमा कंपनी म्हणू शकते, ‘ही गाडी भाड्यावर होती, आमची अट मोडली.’ अनेकदा कोर्ट कंपनीला आधी आजींना पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे होमस्टेच्या जोडीला दोन स्कूटर ठेवणारं ते कुटुंब अडकतं. शिवाय गाडी चालवणारे तुम्ही होतात, त्यामुळे दाव्यात तुमचंही नाव असतंच. आणि आजी? त्या तारखांना चकरा मारतात, मासळी विकायला बसायचे दिवस बुडवून. आपल्या दोन दिवसांच्या मजेचं बिल दुसऱ्याच्या घरी जातं ते असं.

त्या मालकाला व्हिलन करू नका, प्लीज. पर्यटक येतात, गाडी मागतात, तो देतो. त्यालाही बऱ्याचदा वाटत असतं की हप्ता भरला म्हणजे झालं. तुम्ही काळी पाटी मागायला लागलात, तर तोही लायसन्स काढायचा विचार करेल.

गोव्यातून वर येणाऱ्यांसाठी एक जादा प्रश्न. तेरेखोल-रेडीमार्गे शिरोडा, वेंगुर्ला करत मालवणला यायचा प्लॅन झकास आहे. पण गोव्यात घेतलेल्या गाडीचं परमिट आणि मालकाचा करार राज्याबाहेर चालतो का? करारात ‘राज्याबाहेर नेऊ नये’ असेल आणि अपघात सावंतवाडीजवळ झाला, तर वाद तिथूनच सुरू होणार. हद्द ओलांडण्याआधी लेखी विचारा.

फुकेतला जाणाऱ्यांनो, तुम्हीही ऐका

प्रश्न तेच, फक्त देश बदलतो. आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट घ्या. ते एक वर्ष चालतं. तुमच्या लायसन्सवर दुचाकीचा वर्ग नसेल तर परमिटवरही येणार नाही, आणि मग ट्रॅव्हल इन्शुरन्स कंपनीला ‘नाही’ म्हणायला आयतं कारण मिळतं. काही पॉलिसी ठरावीक सीसीच्या वरची बाइक चालवली तर हात झटकतात. आणि पासपोर्ट डिपॉझिट म्हणून देऊ नका. कॅश द्या, पासपोर्टची झेरॉक्स द्या.

निघण्याआधीची दहा मिनिटं

• गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. गाडीचा वर्ग, विम्याची आणि पीयूसीची तारीख दिसते. एमएच-०७ म्हणजे सिंधुदुर्ग.

• ‘इन्शुरन्स आहे का?’ विचारू नका. ‘पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी? ओन डॅमेज कधीपर्यंत? आयएमटी १८ आहे का?’ असं विचारा. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो काढा.

• स्वतःच्या नावाची पर्सनल अ‍ॅक्सिडेंट पॉलिसी घ्या. ती माणसावर असते, गाडीवर नाही. म्हणून भाड्याच्या गाडीवरही कामी येते. दारू पिऊन किंवा लायसन्सशिवाय चालवलीत तर मात्र विसरा.

• हेल्थ पॉलिसीत अपघाताला सुरुवातीचा ३० दिवसांचा वेटिंग पीरियड लागत नाही. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मालवणहून गंभीर पेशंट ओरोसला किंवा थेट गोव्यात बांबोळीला नेतात, तेव्हा कागद शोधायला वेळ नसतो.

• मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली. ठरलेल्या हॉस्पिटलमध्ये सात दिवसांपर्यंत, दीड लाखांपर्यंत. ही तुम्हाला आणि त्या आजींनाही लागू आहे, म्हणून लक्षात ठेवा.

• घेताना चारही बाजूंनी गाडीचा व्हिडिओ काढा. जुने ओरखडे नंतर नवे होतात!

• हेल्मेट दोघांना. नुसता दंड वाचावा म्हणून नाही, डोकं वाचावं म्हणून.

एवढं विचारल्यावर मालक जरा चक्रावून बघेल. ‘खयसून इलास?’ असंही विचारेल. खुशाल सांगा, पुण्याहून! तिथल्या लोकांना प्रश्न विचारायची सवय असते हे मालवणातही सगळ्यांना ठाऊक आहे.