मोबाईलवरची रंगपरीक्षा

बोटीवर नोकरीला निघालेला मालवणचा एक मुलगा परवा रडवेला होऊन आला. मोबाईलवरच्या रंगीत ठिपक्यांत त्याला आकडाच दिसेना. पाहतो तो पडद्यावर रात्रीचा पिवळट उजेड चालू! तो बंद केल्यावर दोन आकडे दिसले, सगळे नाहीत.

जपानच्या डॉ. इशिहारांचे हे तक्ते १९१७ सालचे. छापील वहीतून, दिवसाउजेडी पाहायचे. मोबाईलगणिक रंग बदलतो. भाताचे पान रंगतक्त्याशी जुळवताना आपण अंगाची सावली धरतो, ती उगाच नव्हे. तेव्हा अर्ज भरण्यापूर्वी ओरोसच्या सरकारी रुग्णालयात डोळे तपासून घ्या. लाल-हिरव्याचा घोटाळा मुलग्यांत बहुधा आईकडून येतो. झाडावरचे पिकले रातांबे मामाला ओळखू येतात का, तेही विचारा.